अपील ‘फ्रॉम’ की ‘अगेन्स्ट’? इंग्रजी ड्राफ्टवरच्या लाल गोलांविषयी

पत्र थोडक्यात

एका तरुण वकीलताईंचे पत्र आहे. शाळा-कॉलेज मराठीतून झाले. पुढे काही वर्षे तालुका कोर्टात वकिली केली. दावे, कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरे), दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) मराठीत लिहिताना चांगला हात बसला. ऑगस्ट 2025मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा त्या तिथल्या एका सिनियरांच्या चेंबरमध्ये रुजू झाल्या. आता सगळे ड्राफ्ट इंग्रजीत. सिनियर बोलत नाहीत, फक्त लाल गोल करतात. बहुतेक गोल क्रियापदांवर, नाहीतर ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘अंडर’, ‘ऑफ’ अशा बारक्या शब्दांवर असतात. एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर ‘मराठी मीडियम’ म्हणून टोमणा मारला. ताईंनी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, भारदस्त शब्द वापरून पाहिले, गोल वाढलेच. महागडा इंग्रजीचा कोर्स लावू, मराठीत लिहून मशीनकडून भाषांतर करून घेऊ, की तालुक्याला परत जाऊ, असे त्या विचारतात. अपील ‘फ्रॉम’ की ‘अगेन्स्ट’, हा एक प्रश्न आहे. शिवाय एका कुटुंबाच्या वाटणीचा कागद इंग्रजीत करून द्यायचा आहे, त्याची धास्ती आहे. लाल गोल असलेली काही पाने त्यांनी पक्षकारांची नावे खोडून सोबत पाठवली आहेत.

उत्तर

प्रिय वकीलताई,

तुम्ही पाठवलेली पाने मी सावकाश वाचली. ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ या एका वाक्यात तुम्ही सगळे गोल बसवून टाकलेत. तसे ते बसत नाहीत. त्यातले बरेच गोल इंग्रजीचे नाहीतच.

दुसऱ्या पानावरचे वाक्य घ्या. खालच्या कोर्टात काय घडले हे सांगताना तुम्ही ‘द सूट वॉज रिजेक्टेड’ असे लिहिले आहे. व्याकरण निर्दोष आहे. तरी गोल पडला, कारण आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दावा ‘रिजेक्ट’ होत नाही, ‘डिसमिस’ होतो. ‘रिजेक्ट’ होते ते वादपत्र, म्हणजे प्लेन्ट, आदेश 7 नियम 11 खाली. नियम 10 खाली तेच वादपत्र ‘रिटर्न’ होते, म्हणजे योग्य त्या कोर्टात सादर करण्यासाठी परत दिले जाते. मराठीत बोलताना आपण सगळ्यालाच ‘फेटाळला’ म्हणून मोकळे होतो, आणि तालुक्याला ते चालते, कारण समोरच्या प्रत्येकाला प्रकरण ठाऊक असते. उच्च न्यायालयात तुमचा कागद वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. तो क्रियापदावरूनच ओळखतो की पक्षकारापुढे कोणता रस्ता उरला आहे.

हे रस्ते अगदी वेगवेगळे आहेत. वादपत्र ‘रिजेक्ट’ झाले तर संहितेच्या कलम 2(2)प्रमाणे तो आदेश हुकूमनाम्यात, म्हणजे डिक्रीत, मोडतो, म्हणून त्यावर अपील चालते. शिवाय आदेश 7 नियम 13 खाली त्याच कारणासाठी नवे वादपत्र आणायला मोकळीक राहते. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर म्हणून दावा आदेश 9 नियम 8 खाली ‘डिसमिस’ झाला, तर तो हुकूमनामा ठरत नाही. नियम 9मुळे त्याच कारणावर नवा दावाही आणता येत नाही. तोच आदेश रद्द करून मागावा लागतो. गुणदोषांवर ‘डिसमिस’ झाला तर कलम 96चे अपील. एका क्रियापदाच्या जागी दुसरे बसले की वाचणारा न्यायाधीश पहिल्याच पानावर विचारतो, मग तुम्ही माझ्यासमोर कशा? तुमच्या सिनियरांनी तो गोल इंग्रजीचे शिक्षक म्हणून केलेला नाही.

‘जजमेंट पास झाले’ यावरही गोल आहे. कलम 33चे वाक्य एकदा मोठ्याने वाचा. न्यायालय ‘प्रोनाउन्स’ करते ते जजमेंट, आणि त्यामागून येते ती डिक्री. डिक्री ‘पास’ होते, मग ‘एक्झिक्यूट’ होते. हेच ‘एक्झिक्यूट’ खरेदीखताला लावले की त्याचा अर्थ करून देणे, सही करणे असा होतो. फौजदारीत ‘डिस्चार्ज’ आणि ‘अक्विट’ यांची अशीच गल्लत होते, कारण आपल्या बातम्यांत दोन्हीकडे ‘आरोपीची सुटका’ छापून येते. पण एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवू नये, असे सांगणाऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणातच ‘डिस्चार्ज’ म्हणजे ‘अक्विटल’ नव्हे असे लिहिले आहे. ज्याच्यावर आरोप ठेवण्याइतकेही काही सापडले नाही आणि ज्याचा खटला पुरा चालून तो निर्दोष ठरला, अशी ही दोन वेगळी माणसे आहेत.

या जातीचे गोल इंग्रजीच्या कोणत्याही कोर्सने पुसले जाणार नाहीत. ते पुसायला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याची नुसती मूळ संहिता, लागतो, आणि तो तुमच्या टेबलावर आहेच.

आता दुसऱ्या जातीकडे येते. हे गोल मात्र खरोखर भाषेचे आहेत, आणि त्यांचे मूळ मराठीत आहे. तुम्ही लिहिले आहे, ‘रिस्ट्रेन द डिफेन्डंट टु ऑब्स्ट्रक्ट’. मनात वाक्य होते ‘प्रतिवादीला अडथळा करण्यास मनाई करावी’. ‘करण्यास’मधला तो ‘स’ सरळ ‘टू’ होऊन कागदावर उतरला. इंग्रजीत त्याचा अर्थ जवळजवळ उलटा लागतो, जणू अडथळा करायला लावले. तिथे ‘रिस्ट्रेन फ्रॉम ऑब्स्ट्रक्टिंग’ हवे. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, आपल्याकडची निशाणी 5, हा दिवाणी वकिलीतला रोजचा कागद. त्याच्या प्रार्थनेत असे होता कामा नये, म्हणून ही जोडी सर्वांत आधी पक्की करा.

मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि त्या नामाचे वाक्यात काय काम आहे त्यावरून ठरतो. इंग्रजीतला बारका शब्द बहुतेक वेळा आधीच्या क्रियापदाने किंवा विशेषणाने ठरवलेला असतो. म्हणून नुसत्या ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’ यांचे अर्थ पाठ करून हाती काही लागत नाही. पाठ करायची ती जोडी, आणि तीही पूर्ण वाक्यात. ‘एन्टायटल्ड’नंतर ‘टू’ येतो. तुमच्याकडे जागोजागी ‘फॉर’ आहे, आणि हे फक्त तुमचेच नाही. वर्षानुवर्षे वकिली केलेल्यांच्या अर्जांतही ते सापडते. नोटीस ‘इश्यू’ होते ती कुणाला तरी ‘टू’, समन्स ‘सर्व्ह’ होते ते कुणावर तरी ‘ऑन’. माणूस गुन्ह्याचा ‘अक्यूज्ड ऑफ’, त्याच्यावर आरोप ठेवला की ‘चार्ज्ड विथ’, खटला चालला की ‘ट्राइड फॉर’, दोषी ठरला की ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, शिक्षा झाली की ‘सेन्टेन्स्ड टू’. या सगळ्यांत कलम आले की ‘अंडर’. तुम्ही ‘ॲज पर सेक्शन’ लिहिता, कारण मनात ‘कलमाप्रमाणे’ असते. अर्ज कलमा‘खाली’ होतो. मराठीतला हा शब्द इथे तुमच्या उपयोगाचा आहे. फौजदारी संहितेच्या परिशिष्टातला दोषारोपाचा (चार्जचा) नमुना पाहा, त्यात ‘ऑफेन्स पनिशेबल अंडर सेक्शन’ असेच आहे. ‘कन्व्हिक्टेड अंडर सेक्शन’ असा आखूड प्रयोगही रोज होतो, न्यायालयेही करतात, तेव्हा त्यावर झोप उडवून घेऊ नका.

ताब्याच्या वाक्याजवळ मात्र थांबायला हवे, कारण मनाईचा सारा दावा ताब्यावर उभा असतो. वादी जमिनीच्या ताब्यात नसतो, जमीन वादीच्या ताब्यात असते. मराठीत ही चूक आपल्याकडून कधीच होणार नाही. इंग्रजीत दोन्ही बाजूंनी लिहिता येते, आणि फरक एका ‘द’चा असतो. ‘द प्लेन्टिफ इज इन पझेशन ऑफ द सूट लँड’ हे बरोबर. उलट बाजूने लिहायचे तर ‘द सूट लँड इज इन द पझेशन ऑफ द प्लेन्टिफ’. तुमच्या पानावर दुसऱ्या वाक्यातला ‘द’ गळला आहे. अशा वेळी कर्ता वादीच ठेवा. वाक्य आपोआप सुरक्षित होते.

तिसऱ्या जातीचे गोल तुम्ही स्वतः ओढवून घेतले आहेत, हे मायेने सांगते. मराठीत आपण दावा दाखल करतो, कैफियत दाखल करतो, अपील, शपथपत्र, पुरावा सगळे दाखल करतो. तुम्हाला वाटले, इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा भारदस्त शब्द हवा. म्हणून अर्ज ‘प्रेफर’ झाला आणि कैफियत ‘इन्स्टिट्यूट’ झाली. संहितेत ‘इन्स्टिट्यूट’ होतो तो दावा, कलम 26. ‘प्रेफर’ होते ते अपील, आदेश 41 नियम 1. पण तुमच्या मराठी ‘दाखल’इतकाच साधा आणि सर्वमान्य ‘फाइल’ इंग्रजीत आहे. दावा, कैफियत, अर्ज, अपील, शपथपत्र, सगळीकडे तो बिनधोक चालतो. सांभाळायचे ते पुराव्यापाशी. साक्षीदार ‘एक्झामिन’ होतो, दस्त ‘प्रोड्यूस’ होतो, पुरावा ‘लीड’ किंवा ‘अड्यूस’ होतो. ‘फाइल’ होते ते सरतपासणीऐवजीचे शपथपत्र. शंका आली की साधा शब्द घ्या. सिनियर साधेपणावर गोल करत नाहीत. तुमच्या पानांवर तसा एकही नाही.

‘डिफेन्डंट फाइल्ड हिज से’ यावरच्या गोलाने तुम्ही गोंधळलात, ते स्वाभाविक आहे. ‘म्हणणे’ या आपल्या शब्दावरून ‘से’ हे नाम महाराष्ट्रातल्या कोर्टांनी घडवले, आणि अर्जावर ‘अदर साइड टु से’ असा आदेश रोज होतो. ‘दरखास्त’ही इथल्या इंग्रजी कागदांत तसाच राहिला आहे. मला हे शब्द आवडतात, आणि जिल्हा न्यायालयात ते खुशाल वापरावेत. पण कागद पुढे दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात, जाऊ शकतो आणि तिथल्या वाचकाला ‘से’ कळेलच असे नाही, म्हणून ‘रिप्लाय’ लिहा.

आता ‘फ्रॉम’ की ‘अगेन्स्ट’. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही कायद्यातच आहेत. कलम 96 आणि 100मध्ये अपील हुकूमनाम्या‘फ्रॉम’ वरच्या न्यायालया‘टू’ ‘लाय’ होते. संविधानाच्या अनुच्छेद 136मध्येही ‘अपील फ्रॉम’ आहे. फौजदारीत दोषसिद्धीवरचे अपील ‘फ्रॉम’. तर शिक्षा अपुरी वाटून सरकारने केलेले अपील, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 377 आणि 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 418, हे ‘अगेन्स्ट’. बोलण्यात आणि निकालपत्रांत ‘अगेन्स्ट’ सर्रास येतो. माझे मत विचाराल तर ज्या कलमाखाली अपील आहे त्या कलमाचा शब्द उचलावा. मग कुणी हरकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकी लिखाणात मध्ये कोणताही शब्द न ठेवता थेट ‘अपील द जजमेंट’ असते. नेटवर ते तुम्हाला खूप दिसेल. आपल्याकडे ते आणू नका.

बारक्या शब्दांचे वजन पाहायचे असेल तर जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897चे कलम 9 उघडा. केंद्रीय कायद्यात मुदतीचा पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ पुरे, आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरे, असे तिथे लिहून ठेवले आहे. तालुक्याला तुम्ही चेक परत गेल्याच्या फिर्यादी पुष्कळ केल्या असतील. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 आणि 142मध्ये नोटिशीच्या आणि फिर्यादीच्या मुदतीसाठी ‘फ्रॉम’ नाही, ‘ऑफ’ आहे. मग पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर सर्वोच्च न्यायालयातच दोन मते पडली होती. 2013मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की या कलमांत ‘ऑफ’ हा ‘फ्रॉम’सारखाच वाचायचा आणि पहिला दिवस सोडायचा. म्हणजे आरोपीला नोटीस 3 जूनला मिळाली, तर त्याचे पंधरा दिवस 18 जूनला संपतात, फिर्यादीचे कारण 19 जूनला घडते, आणि तो दिवस सोडून महिना मोजला की 19 जुलैची फिर्याद मुदतीत बसते. एका दिवसाच्या या फरकावर पक्षकाराचे पैसे बुडू किंवा वाचू शकतात. स्वतः नोटीस किंवा करार लिहिताना ही वेळच येऊ देऊ नका. तारीख घाला आणि ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा.

तुमच्या तीन पर्यायांविषयी. कोर्स लावू नका. बोलण्याचा सराव हवा असेल तर तो वेगळा विषय, पण या गोलांसाठी तो खर्च वाया जाईल. मशीनकडे मराठी मजकूर देऊन इंग्रजी मागण्यात दोन अडचणी आहेत. पक्षकाराने विश्वासाने दिलेला मजकूर आपण कुठल्या हाती देतो आहोत, हा विचार आधी व्हायला हवा. आणि ‘फेटाळला’ या शब्दामागे ‘रिजेक्ट’ होता की ‘डिसमिस’, हे रोजनामा, म्हणजे कोर्टाची रोजची नोंद, न पाहिलेल्या मशीनला कसे कळणार? ते एकच निवडेल, आणि वाक्य इतके सफाईदार उतरेल की तुमच्या नजरेतून चूक सुटेल.

परत जाण्याबद्दल एवढेच म्हणते की टोमणा हे कारण असू नये. संविधानाच्या अनुच्छेद 348मुळे उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते आणि खालच्या न्यायालयांत मराठी आहे. म्हणजे वर येणाऱ्या बहुतेक प्रकरणांच्या साक्षी, फेरफार, सातबारे, पंचनामे मराठीत असतात, आणि कुणीतरी ते नेमकेपणाने इंग्रजीत न्यावे लागतात. हे काम तुमच्याइतके चांगले त्या टोमणे मारणाऱ्या सहकाऱ्याला येते का, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला येते, हे पानांवरून दिसते. तथ्यांचा क्रम कुठेही चुकलेला नाही.

शब्दांच्या याद्यांची वही बाजूला ठेवा आणि नवी करा. प्रत्येक गोलासाठी बेअर ॲक्टमधले एक पूर्ण वाक्य, कलमासह, हाताने उतरवून घ्या. कलम नसेल तर त्याच न्यायालयाच्या निकालातले वाक्य घ्या. ड्राफ्ट संपला की फक्त क्रियापदांवर एक फेरी मारा. हे कुणी केले, कायद्यात याला हेच क्रियापद आहे का, आणि त्याच्यामागे कोणता शब्द येतो, एवढेच पाहायचे. आणि सिनियरांना सांगा, ‘सर, एका ड्राफ्टवर अर्धा तास द्या. मी गोलांची वर्गवारी करून आणली आहे.’ इतकी तयारी करून आलेल्या ज्युनियरला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

राहिला वाटणीचा कागद. धास्ती योग्य जागी आहे, कारण तिथे क्रियापदाचा काळही मोजला जातो. वाटणी आधीच तोंडी झाली, ज्याचा त्याचा ताबा ज्याला त्याला मिळाला, आणि आता फक्त त्याची नोंद म्हणून यादी करायची, तर तो नुसता स्मरणाचा कागद. वाटणी या कागदानेच होणार असेल तर तो हक्क निर्माण करणारा आणि संपवणारा दस्त. स्थावर मिळकत शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची असली की नोंदणी कायदा, 1908च्या कलम 17प्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. काले विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर ऑफ कन्सॉलिडेशन या 1976च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आहे. पहिल्या कागदात ‘हॅव पार्टिशन्ड’, दुसऱ्यात ‘हिअरबाय पार्टिशन’. तुमच्या मसुद्यात दोन्ही आहेत, एक पहिल्या परिच्छेदात, दुसरे चौथ्यात. उद्या भावाभावांत बिनसले तर समोरचा वकील याच दोन वाक्यांवर बोट ठेवील.

नोंदणीचा खर्च टळावा म्हणून कुटुंब तुम्हाला भूतकाळ लिहायला सांगेल. तसे न घडता तसे लिहू नका. मसुदा पुन्हा हाती घेण्याआधी घरच्यांना बसवून विचारा: वाटणी कधी झाली, कोण हजर होते, कोणता गट कोणाकडे गेला, तेव्हापासून तो कोण कसतो आहे, पीकपाहणीला कोणाचे नाव लागते. उत्तरे सगळ्यांची जुळली तर ‘हॅव पार्टिशन्ड’ लिहा आणि तो तपशील तारखांसह कागदात घ्या. जुळली नाहीत, किंवा ‘अजून वाटायचे आहे’ असे कुणी म्हणाले, तर ‘हिअरबाय’ लिहा आणि त्यांना दुय्यम निबंधकांकडे पाठवा.